दुसरीच्या वर्गातला बंद डबा

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकट्यानं विचारलं, "आजी, तू आता शिकवत नाहीस, मग शाळेत जातेस कशाला?" मी सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात तुमची बस आली. तुम्ही दोघं पळालात आणि मी बराच वेळ तुमच्या रिकाम्या खुर्च्यांशी बोलत होते. म्हणून आता लिहूनच पाठवते. सोपं लिहिते आहे. अडेल तिथे आईला विचारा.

मी मूळची धुळ्याची. शिकले इंग्रजी शाळेत, आणि लग्न होऊन जळगावला आल्यावर नोकरीभर इंग्रजीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर घराजवळच्या शाळेच्या मोठ्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्या म्हणाल्या, "शिकवू नका. नुसत्या या. नवीन आलेली मुलं रडतात, आणि माझ्या शिक्षिकांना चाळीस मुलं सोडून एकाजवळ बसता येत नाही." तेव्हापासून मी जाते. बहुतेक नवी मुलं आठवडाभरात रुळतात. काही मात्र घरून असं काही घेऊन आलेली असतात की ते दप्तराबरोबर खाली ठेवता येत नाही. त्यांच्याजवळ मी बसते.

माझी रीत तुम्हाला ठाऊकच आहे, कारण तुमच्या आईला मी त्याच रीतीनं वाढवलं आणि ती अजून त्याबद्दल कुरकुरते. सगळं ठरलेलं हवं. मुलाला फाटकाशी रोज एकच माणूस घ्यायला यावं. दप्तर अडकवायची खुंटी तीच, बसायची जागा तीच. आता पुढे काय होणार आहे हे आधी सांगावं आणि मग तेच करावं. घाबरलेल्या मुलाला पुढचं माहीत असलं की त्याचा श्वास हळूहळू खाली बसतो. यात फार मोठं शास्त्र नाही. चिकाटी मात्र लागते.

गेल्या जूनमध्ये दुसरीच्या वर्गात एक मुलगी आली. रावेरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं गाव. आजोबांची केळीची बाग, आणि वडील तालुक्याच्या ठिकाणी सरकारी नोकरीत. आदल्या हिवाळ्यात वडील अचानक गेले. सकाळी मोटारसायकल पुसत होते, संध्याकाळी नव्हते. त्यांच्या जागी तिच्या आईला नोकरी मिळाली, पण नेमणूक जळगावला. मायलेकी दोन खोल्या भाड्यानं घेऊन इथे आल्या.

पहिले काही दिवस ती दप्तर पोटाशी धरून बसायची. खाली ठेव म्हटलं की आणखी घट्ट धरायची. रडत नव्हती, बोलतही नव्हती. मी रोज फाटकावर उभी राहायचे, तिच्याबरोबर वर्गापर्यंत चालायचे आणि सांगायचे, "आता प्रार्थना. मग गणित. मग तुझी आई ऑफिसात चहा पीत असेल तेव्हा तुमची मधली सुट्टी." शेजारी बसवली होती एका मारवाडी दुकानदाराची मुलगी. ती झोपेतसुद्धा बोलत असावी. उत्तर आलं नाही तरी तिचं काही अडत नसे. ती स्वतःच विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची आणि वर म्हणायची, "हो ना? मला वाटलंच तू असं म्हणशील." पोळ्याच्या सुमाराला दप्तर खुंटीवर गेलं. मुलगी चित्रं काढू लागली, पाढे लिहू लागली, हळू आवाजात का होईना हजेरीला "उपस्थित" म्हणू लागली. मला वाटलं, झालं.

पण डबा काही उघडेना.

मधल्या सुट्टीत सगळी मुलं रांगेत डबे उघडून बसत. ही डबा समोर ठेवायची, झाकणावर दोन्ही हात ठेवायची आणि सुट्टी संपेपर्यंत तशीच बसायची. शाळा लांबलचक. दुपारनंतर तिचं डोकं दुखायचं, पोटात कळ यायची, आणि मग तिच्या आईला ऑफिसात फोन जायचा. आईची नोकरी नवी. साहेब समजूतदार होते, पण आठवड्यातून दोन-तीनदा अर्ध्या दिवसाची रजा कोणता साहेब किती दिवस देणार?

तिचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी सुनेला स्पष्ट सांगितलं होतं. शाळेला ते शाया म्हणतात. "गावात शाया आहे. पोरीले माह्याजवळ राहू दे. तू नोकरी सांभाळ, शनिवारी येत जाय." त्यांचं चुकत होतं असं मला म्हणवत नाही. एकुलता मुलगा गेलेला माणूस. पण आईला पोरीला सोडून राहायचं नव्हतं, आणि पोर आईचा पदर धरल्याशिवाय झोपत नव्हती. शेवटी दोघांत ठरलं, दिवाळीपर्यंत पाहायचं. पोरगी शाळेत दिवस काढू लागली तर इथे. नाहीतर दाखला काढून गावी.

म्हणजे सगळं त्या डब्यावर येऊन थांबलं होतं.

तिच्या वर्गाच्या मॅडम दोंडाईचाकडच्या, वयानं तरुण आणि मनानं फार मायाळू. एरवी शुद्ध मराठी बोलतात, पण जीव गुंतला की त्यांची अहिराणी बाहेर पडते. त्या रोज मुलीसमोर मांडी घालून बसायच्या. "दाखव बरं, डबामा काय शे?" आणि स्वतःच डबा उघडून घास करायच्या. "हा घास मॅडमचा. हा मोठ्या मॅडमचा. हा आपल्या मावशीचा." शाळेच्या मावशीही झाडू बाजूला ठेवून यायच्या, "माझ्या हातचा खाईल बघा," म्हणायच्या. मग बाकीची मुलं भोवती गोळा व्हायची. सगळ्या मिळून "खा ना, खा ना." मीही त्या घोळक्यात असायचे आणि मला ते चांगलंच वाटायचं. खानदेशात उपाशी मूल समोर बसलं आहे आणि बाईचा हात घासाकडे गेला नाही, असं होतच नाही.

एके दिवशी मुलीनं तीन-चार घास घेतले. आमचे चेहरे फुलले. आणि पुढच्या क्षणी ते सगळे घास मॅडमच्या साडीवर. मुलगी पांढरीफटक पडली. मॅडमनी तिचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "अगं, साडी धुतली की झाली. एवढ्यासाठी कुणी घाबरतं का?" पण स्टाफरूममध्ये येऊन त्या स्वतःच रडल्या.

त्या रविवारी मुलीची आई माझ्याकडे आली. मी चहा केला. मुलगी तुमच्या आजोबांबरोबर अंगणात मोगऱ्याला पाणी घालत होती.

"घरी जेवते का?" मी विचारलं.

"जेवते हो काकू. पण मी भाकरी थापत असते ना, तेव्हा माझ्या पाठीमागं बसून. मी वळले की थांबते."

"आधीपासून?"

"नाही. आधी तर अंगणभर हिंडत, आबांच्या ताटात बसून जेवायची." मग तिला गावाची आठवण आली असावी. "गावानं फार केलं हो आमचं. हे गेले तेव्हा मला तर शुद्ध नव्हती. पण पोरीला कुणी उपाशी ठेवलं नाही. घराघरांतून बायका डबे घेऊन आल्या. एक उठली की दुसरी बसायची. तिला मांडीवर घेऊन भरवायच्या, रडायच्या, भरवायच्या. गल्लीतल्या सगळ्या बायांनी तिला घास दिला."

हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्याकडे घरात कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, भाऊबंद स्वयंपाक करून आणतात आणि घरच्यांना बळेच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. चांगली चाल आहे. दुःखात माणूस जेवायचं विसरतो, म्हणून कुणी तरी पहिल्यांदा असं ठरवलं असेल. पण सहा-सात वर्षांच्या मुलीला काय दिसलं असेल? बाबा कुठे गेले ते कुणी सांगत नाही, आणि एकामागून एक बाई येते, डबा उघडते, तोंडाकडे बघते, रडते आणि घास कोंबते.

आणि आम्ही शाळेत रोज तेच करत होतो. फक्त रडत नव्हतो.

मी आईला तेव्हा एवढंच सांगितलं, की तुमच्या गावानं केलं ते मायेनंच केलं. आता जरा वेगळं करून पाहू. दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे भरवायचं नाही?"

"नाही. बघायचंही नाही."

"आणि ती नुसती बसून राहिली तर?"

"तर बसू दे."

"आजी, हे मला जमायचं नाही. हात बांधून ठेवा माझे."

पण त्यांनी जमवलं. मधल्या सुट्टीत त्या वर्गाकडे पाठ करून फळा पुसायला लागल्या. फळा आधीच स्वच्छ असायचा. तरी एकेका कोपऱ्यातून असा पुसायच्या की जणू तिथे कालचं गणित चिकटून बसलंय. मावशींना मी कामं शोधून द्यायचे. मुलांनाही सांगितलं, ज्यानं त्यानं आपल्या डब्यात पाहायचं. शेजारची बडबडी मात्र म्हणाली, "मी तर तिच्याकडे बघतच नाही. मला माझंच बोलायचं असतं."

डबा उघडला नाही. पण पोटात कळ येणं कमी झालं. आईला फोन कमी जाऊ लागले. कधी कधी झाकण बोटभर उचललं जायचं आणि पुन्हा बसायचं. एवढ्यानं दिवाळीपर्यंतची अट पुरी होणार नव्हती, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला घरोघरी गुलाबाई बसल्या. तुमच्या आईनं लहानपणी बसवलेली गुलाबाई मी तुम्हाला फोटोत दाखवली होती. मातीची मूर्ती, माहेरी आलेली पार्वतीच, शेजारी गुलोजी म्हणजे शंकर, मांडीवर बाळ. महिनाभर संध्याकाळी मुली एकमेकींकडे जातात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, आणि शेवटी येते ती खरी गंमत. ज्या घरी गुलाबाई, त्या घरची मुलगी बंद डब्यात खाऊ आणते आणि बाकीच्यांनी तो ओळखायचा. डबा कानाशी हलवून बघायचा. गोड का तिखट, ओला का कोरडा, तळलेला का भाजलेला, असे प्रश्न विचारायचे. ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. ज्या घरचा खाऊ कुणालाच ओळखू येत नाही, त्या घराचा तोरा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो.

मॅडम एके सकाळी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आजी, आपली एक मुलगी डबा उघडत नाही ना? मग सगळा वर्गच डबा उघडत नाही असा एक खेळ आहे की." आणि त्यांनी दुसरीच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर गुलाबाई मांडली. शेवटच्या तासाला दोन गाणी, आणि मग रोज एका मुलाचा खाऊ. मुलगे आधी "हे मुलींचं" म्हणून नाक मुरडत होते. खाऊ दिसल्यावर मुरडलेलं नाक सरळ झालं.

आमची मुलगी लांबून बघायची. तिच्या गावी हे सगळं होतं, तिला गाणी पाठ होती, ओठ हलताना मी पाहिले. एक दिवस फिरत फिरत डबा तिच्या हातात आला. तिनं तो कानाशी धरला, एकदाच हलवला आणि म्हणाली, "फुटाणे. गूळ लावलेले."

ते गूळ लावलेले फुटाणेच होते. वर्गानं असा गलका केला की शेजारच्या वर्गातून ओरडा आला. बडबडी उभी राहून सांगत होती, "मी सांगितलं होतं, तिला सगळं येतं. ती फक्त बोलत नाही!"

मग तिची पाळी आली. आदल्या संध्याकाळी तिच्या आईचा मला फोन. आवाजात काळजी. "काकू, मी बेसनाचे लाडू करते म्हटलं, तर ही म्हणते, रोजचाच डबा दे. गुलाबाईला कुणी पोळी-भाजी नेतं का? मुलं हसतील हो."

"कुठली भाजी आहे उद्या?"

"गंगाफळाची." लाल भोपळ्याला आपल्याकडे गंगाफळ म्हणतात.

"तीच द्या," मी म्हटलं. धीर दिला खरा, पण माझ्याही मनात धाकधूक होतीच.

आणि नेमके त्याच दिवशी आबा आले. मोठ्या मॅडमना दाखल्याबद्दल विचारायला. दिवाळी जवळ आलेली, मग ऐन वेळी धावपळ नको, असा त्यांचा विचार. ऑफिसात कुणी तरी बसलेलं होतं म्हणून ते वर्गाच्या बाहेर व्हरांड्यात येऊन उभे राहिले. पांढरी टोपी, पायातल्या चपला शिस्तीत बाजूला काढलेल्या. मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"अक्का, एवढा गोंगाट काहून?"

"तुमच्या नातीचा खाऊ ओळखताहेत."

त्यांनी दारातून आत पाहिलं. नात गुलाबाईजवळ उभी होती, डबा दोन्ही हातांत.

"केळीचे वेफर!" एकजण ओरडला. रावेरची मुलगी, दुसरं काय आणणार?

तिनं मान हलवली. नाही.

"केळीचा हलवा! केळीची चकली!"

"केळीची चकली असते का कुठी?" ती म्हणाली. आबांनी माझ्याकडे पाहिलं. तिचा वर्गातला आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

बडबडीनं डबा मागून घेऊन कानाशी हलवला. काहीच वाजेना. "ओला का कोरडा?"

"दोन्ही."

"दोन्ही कसा असेल? बरं, गोड का तिखट?"

"दोन्ही."

वर्ग चक्रावला. भरीत, शेव, खाखरा, पुरणपोळी, कुणी तर आइस्क्रीमही म्हणालं. आबाही दारातून हळूच म्हणाले, "गूळपोयी असंन." नातीनं वळून पाहिलं, आबा दिसले, आणि चक्क हसून म्हणाली, "नाही ना आबा! हरले?"

"हरलो, माय."

"हरलो!" सगळा वर्ग ओरडला.

मग तिनं डबा गुलाबाईसमोर ठेवला आणि स्वतः झाकण उघडलं. पोळी आणि भाजी. सगळे डब्यावर वाकले. मी बाहेर श्वास धरून उभी. आणि मग बडबडी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, हा तर डबाच आहे!" हशा असा उसळला की मॅडमना खडू खाली ठेवून हसावं लागलं. मुलं तिला हसत नव्हती. रोज डोळ्यांसमोर असलेली वस्तू आपल्यापैकी एकालाही ओळखू आली नाही, यावर हसत होती. आणि ती त्यांच्याबरोबर हसत होती.

तिनं पोळीचा एक तुकडा भाजी लावून गुलाबाईला ठेवला. मग शेजारणीला दिला. मग पुढच्या मुलाला. सगळ्यांच्या नजरा डब्यावर होत्या, आपल्या वाट्याला येतं की नाही याच्यावर. तिच्या तोंडाकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. मॅडमनी तेवढ्यात पाठ फिरवून फळा पुसायला घेतला होता.

माझ्याशेजारी आबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी एक पाऊल आत टाकलं, हात पुढे झालेला. "एक घास भरवतो तिले. माह्या हातानं."

"आबा, थांबा," मी म्हणाले. "आज नका भरवू. तिचं ती खाऊ द्या."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला शब्द मागे घ्यावेसे वाटले. पण ते थांबले. हात खाली घेतला. मग काय झालं असेल त्यांच्या मनात, ते वर्गाकडे पाठ करून अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे बघत उभे राहिले, मॅडम फळ्याकडे बघतात तसे. आत त्यांच्या नातीनं वाटता वाटता एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि पुढच्याला म्हणाली, "एकच घे हं, मागं अजून पोरं आहेत." पुन्हा एक खाल्ला. शेवटच्या तुकड्यावरून तिची आणि बडबडीची थोडी ओढाताणही झाली.

"बठ्ठं खादं!" मॅडम व्हरांड्यात येऊन माझ्या कानाशी पुटपुटल्या, आणि रिकामा डबा दाखवून परत आत पळाल्या.

मोठ्या मॅडमच्या खोलीतला माणूस गेला. शिपायानं आबांना हाक मारली. आबांनी चपला घातल्या, पण ऑफिसाकडे वळले नाहीत. "दाखल्याचं राहू द्या," ते मला म्हणाले. "सांगा त्याइले, म्हातारा असाच आल्ता." त्यांच्या घरी आता म्हातारा-म्हातारी आणि मोठं अंगण राहणार होतं. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, आणि मुलीच्या आईसाठी इतका आनंद झाला की मी तिला ऑफिसात फोन केला. शाळेच्या नंबरावरून फोन म्हटल्यावर ती घाबरूनच बोलली, "पुन्हा पोटात दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही. भूक लागली असेल. पोरांनी तिचा डबा संपवला."

यानंतर सगळं सरळ झालं असं समजू नका. परीक्षेच्या दिवसांत डबा दोनदा तसाच परत गेला. कुणी नवीन पाहुण्या बाई वर्गात आल्या की तिचे हात अजून झाकणावर जातात. पण फोन थांबले, आणि आईची रजा आता सणासाठी उरते.

दिवाळीत मुलगी आबांकडे राहून आली. सुट्टी संपली त्या सकाळी आबाच तिला घेऊन आले, खांद्यावर केळीचा लहान घड. "वर्गात वाटाले चालतीन ना, अक्का?" त्यांनी विचारलं, आणि लगेच तक्रार सुरू केली. "घरी ठहरली कुठी? रोज शाया, शाया. मी म्हटलं, बागेत चाल, पाट पाहू. तर म्हने, उद्या जायाचं ना जयगावले?"

परत जाणारी त्यांची गाडी संध्याकाळची होती, म्हणून मी त्यांना घरी जेवायला नेलं. तुमच्या आजोबांनी आणि त्यांनी दुपारभर पाण्यावर आणि केळीच्या भावावर वाद घातला. शाळा सुटायच्या वेळेला आबा पुन्हा फाटकावर. नातीला एकदा बघून जाऊ म्हणाले. ती आली तीच मैत्रिणीशी बोलत. हो, आता तीही बोलते. आबांनी हाक मारली, तिला ऐकू गेली नाही. दुसऱ्या हाकेला तिनं पाहिलं आणि धावत आली.

"पाहिलं का अक्का," आबा म्हणाले, "ऐकू बी येईना तिले आता." असं म्हणत त्यांनी तिचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि हसतच पुढे चालायला लागले.